उसनी विश्वासार्हता : युद्धकालीन शासकीय प्रचार आणि लेखक

युद्धकाळातील शासकीय प्रचार हा विषय सामान्यतः इतिहास आणि राज्यशास्त्र यांच्या कक्षेतला मानला जातो. वाङ्मयसमीक्षेने त्याकडे पाहिले तरी ते बहुधा दुरून आणि काहीशा तुच्छतेने. प्रचार म्हणजे असत्य, असत्य म्हणजे कलेचा अभाव, आणि म्हणून प्रचारपर लेखन समीक्षेच्या विचाराला अपात्र, अशी ही सोपी साखळी आहे. परंतु विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत प्रचाराच्या कामाला जे लागले त्यांत त्या काळातील काही श्रेष्ठ लेखक होते. त्यांनी तेथे जे लिहिले आणि जे लिहिण्याचे टाळले, त्या दोहोंचा परिणाम त्यांच्या पुढील साहित्यावर झाला. त्यामुळे हा प्रश्न साहित्याच्या परिघाबाहेरचा ठरत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शासनाला लेखकाकडून हवे असतात ते केवळ शब्द नव्हेत. पत्रके, घोषणा, निवेदने लिहिणारे कारकून कोणत्याही सचिवालयात असतात. लेखकापाशी असते ती विश्वासार्हता. तो कोणाचा बांधील नाही, त्याला जे वाटते तेच तो लिहितो, हा वाचकाचा वर्षानुवर्षांचा अनुभव हे त्याचे भांडवल असते. युद्धात शासन हे भांडवल उसने घेते. यातच एक पेच आहे. ज्या स्वातंत्र्यामुळे लेखकाचा शब्द मोलाचा ठरतो, ते स्वातंत्र्य संकुचित केल्याखेरीज तो शब्द शासनाच्या उपयोगी पडत नाही. आणि ते संकुचित झाल्याचे वाचकाच्या ध्यानी आले की शब्दाचे मोल उरत नाही. युद्धकालीन प्रचाराचा वाङ्मयीन इतिहास हा पुष्कळ अंशी या पेचाचा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शासनाने या पेचातून काढलेली वाट गुप्ततेची होती. सप्टेंबर १९१४ मध्ये चार्ल्स मास्टरमन याने लंडनमधील वेलिंग्टन हाऊस येथे नामवंत लेखकांची बैठक बोलाविली. टॉमस हार्डी, एच. जी. वेल्स, आर्थर कॉनन डॉयल, जॉन गॉल्सवर्दी, जी. के. चेस्टरटन अशी मंडळी तीत होती. या कचेरीतून निघालेली पुस्तके सामान्य प्रकाशकांच्या नावाने प्रसिद्ध होत. त्यांमागचा शासनाचा हात वाचकाला दिसत नसे. पुस्तकांचा स्वर संयत असे आणि आकडे, कागदपत्रे, साक्षी यांवर भर असे. ही कामगिरी अशा रीतीने झाली की युद्ध संपल्यावर ती उघडकीस येताच प्रचार या शब्दालाच कायमचा डाग लागला.

या काळातील एक लहानसे पुस्तक भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी सैनिक घरी जी पत्रे पाठवीत, ती लष्करी सेन्सॉरच्या हातून जात. त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करून अधिकाऱ्यांपुढे ठेवले जाई. १९१६ मध्ये असे काही उतारे रडयार्ड किपलिंगला देण्यात आले आणि त्यांच्या आधारे त्याने ‘द आईज ऑफ एशिया’ हे पुस्तक सिद्ध केले. १९१८ मध्ये ते अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यात चार काल्पनिक पत्रे आहेत. त्यांपैकी एक ब्रायटनच्या रुग्णालयात पडलेल्या शीख सैनिकाच्या तोंडी घातले आहे. किपलिंगची भाषा येथे कसबी आहे. सैनिकाचे शेतीविषयीचे कुतूहल, फ्रेंच बायकांच्या कष्टाळूपणाचे त्याला वाटणारे नवल, घरच्या भांडणांची काळजी हे सर्व मूळ पत्रांतूनच आलेले आहे आणि म्हणून ते खरे वाटते.

परंतु मूळ पत्रांत आणखीही काही होते. त्या पत्रांची एक निवड १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी यांनी प्रसिद्ध केली. तीत दिसणारा सैनिक राजनिष्ठ आहे, तसाच तो भेदरलेला, खचलेला आणि सावधही आहे. सेन्सॉरला चकविण्यासाठी तो काळी मिरी आणि लाल मिरची यांची भाषा वापरतो. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असे तो घरी कळवितो, आणि भाऊबंदांनी भरती होऊ नये असे आडवळणाने सुचवितो. किपलिंगने एकही वाक्य सर्वस्वी खोटे लिहिले असे म्हणता येणार नाही. त्याने ही मिरी तेवढी वगळली. प्रचाराचे खरे तंत्र कोठे असते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. रचलेल्या असत्यापेक्षा निवडलेले सत्य अधिक काम करते, आणि निवड करणाऱ्याचे हात कसबी असतील तर वगळलेल्याची जागा रिकामी दिसतही नाही. त्यातला विरोधाभास असा की ही पत्रे पुढच्या पिढ्यांना वाचावयास मिळाली ती सेन्सॉरच्या दप्तरामुळेच.

या पुस्तकाशेजारी मुल्कराज आनंद यांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ ही १९४० ची कादंबरी ठेवून पाहावी. तिचा नायक लालू हाही पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा, तोही फ्रान्सच्या आघाडीवर, त्यालाही तिथल्या शेतीचे आणि माणसांचे अप्रूप आहे. किपलिंगला दिसलेले बहुतेक तपशील आनंदांनाही दिसतात. फरक पडतो तो हेतूच्या प्रश्नाने. हे युद्ध कोणाचे, आणि आपण येथे कशासाठी आलो, हा प्रश्न किपलिंगच्या सैनिकाला पडत नाही. लालूला तो चिखलात, थंडीत, सहकाऱ्यांच्या प्रेतांशेजारी पुनःपुन्हा पडतो. एकाच वास्तवाच्या या दोन मांडण्यांतील अंतर राजकीय मतांपुरते नाही. पात्राला प्रश्न विचारण्याचा अधिकार देणे ही कादंबरीची गरज असते, तो काढून घेणे ही प्रचाराची.

आणि याच आनंदांपुढे लवकरच प्रचाराचा प्रश्न प्रत्यक्ष येऊन उभा राहिला. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदी नेत्यांना न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर केले. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. लंडनच्या बीबीसीने हिंदुस्थानसाठीचा आपला कार्यक्रम वाढविण्याचे ठरविले. झुल्फिकार अली बुखारी हे त्याच्या हिंदी विभागाचे प्रमुख होते. त्यांनी १९४१ मध्ये आनंदांना निमंत्रण दिले, तेव्हा देशातील सहकारी तुरुंगात असताना हे काम पत्करणे उचित नाही, अशा भावनेने आनंदांनी ते नाकारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या विभागात एक इंग्रज लेखक रुजू झाला. नाव एरिक ब्लेअर, जन्म बिहारमधील मोतिहारीचा, वडील अफू खात्यात, स्वतः पाच वर्षे ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून काढलेली. वाचक त्याला जॉर्ज ऑर्वेल म्हणून ओळखत होते. साम्राज्यशाहीचा उघड विरोधक असलेला हा लेखक साम्राज्याच्या नभोवाणीवर आला, कारण फॅसिझमचा विजय हे अधिक मोठे अरिष्ट आहे असे त्याचे मत होते. पुढे आनंदही आले. १९४२ मधील त्यांच्या भाषणमालेत ‘पंचमस्तंभ’, ‘नवी व्यवस्था’ यांसारख्या, युद्धाने चलनात आणलेल्या शब्दांची चिकित्सा होती. प्रचाराच्या यंत्रणेतून प्रचाराच्या शब्दांचे विच्छेदन व्हावे, ही गोष्ट लक्षणीय म्हटली पाहिजे.

ऑर्वेलने आखलेल्या कार्यक्रमांची वाङ्मयीन पातळी पाहता हे शासकीय प्रचाराचे साधन होते यावर सहज विश्वास बसत नाही. ई. एम. फॉर्स्टर पुस्तकांविषयी नियमित बोलत. ‘व्हॉइस’ या नावाचे कवितेचे नभोवाणी-नियतकालिक काढण्यात आले. त्यात टी. एस. एलियट, विल्यम एम्प्सन, हर्बर्ट रीड, स्टीफन स्पेंडर यांच्याबरोबर मुल्कराज आनंद, नारायण मेनन आणि वेणू चितळे यांनी भाग घेतला. या योजनेमागील विचार साधा होता. सुशिक्षित हिंदी श्रोता सरळ प्रचार ऐकणार नाही. त्याला बरोबरीचा वाचक मानून कवितेविषयी बोलले तर तो ऐकेल, आणि जिथे असे मोकळेपणाने बोलता येते त्या बाजूविषयी त्याच्या मनात आपुलकी उत्पन्न होईल. मन वळविण्याची ही अत्यंत सुसंस्कृत रीत होती.

तथापि तिची मर्यादाही तारखांच्या साध्या क्रमातून स्पष्ट होते. मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सर्व प्रमुख नेते पकडले गेले. ‘व्हॉइस’चा पहिला अंक प्रसारित झाला तो ११ ऑगस्ट रोजी. हिंदुस्थानातील शहरांत गोळीबार होत असताना लंडनहून हिंदी श्रोत्यांसाठी कवितावाचन चालले होते. ऑर्वेलला या विसंगतीची जाण नव्हती असे नाही. त्या दिवसांतील त्याच्या रोजनिशीत नेत्यांच्या अटकेविषयीचा आणि वरून आलेल्या धोरणाविषयीचा उद्वेग स्पष्ट नोंदविलेला आहे. पण रोजनिशी खाजगी होती. ध्वनिक्षेपणाच्या प्रत्येक संहितेवर दोन शिक्के लागत, एक सुरक्षिततेचा आणि दुसरा धोरणाचा. सुरक्षिततेचा शिक्का कोणत्याही युद्धात समजण्यासारखा आहे. प्रश्न दुसऱ्या शिक्क्याचा होता. हिंदी श्रोत्याच्या दृष्टीने जो एकच प्रश्न जिव्हाळ्याचा, तोच नेमका त्या शिक्क्याच्या पलीकडे राहत होता.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. ऑर्वेल इंग्रजी वार्तासमीक्षणाबरोबरच साप्ताहिक वार्तापत्रांचे मसुदे लिही आणि ते गुजराती, मराठी, बंगाली, तमिळ या भाषांत अनुवादित होऊन प्रसारित होत. मराठी वार्तापत्रे १९४२ पासून सुरू झाली. एम. आर. कोठारी आणि वेणू चितळे यांचा त्या कामाशी संबंध होता. वेणूताई मूळच्या कोल्हापूरकडील शिरोळच्या, शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झालेले. मराठीत जे ऐकू येई त्यावर ऑर्वेलचे नाव नसे. श्रोत्याला ऐकू येई तो आपल्यातल्याच एका सुशिक्षित व्यक्तीचा आवाज, ओळखीच्या वळणाचा, घरातला वाटणारा. विश्वासार्हता येथे दुहेरी उसनी घेतलेली होती. एकदा लेखकाची, त्याचे नाव पुसून. आणि एकदा निवेदिकेची, तिचा आवाज घेऊन. प्रादेशिक वार्तापत्रांचे मूळ इंग्रजी मसुदे बहुतांशी नष्ट झाले, ही अभ्यासाच्या दृष्टीने मोठी हानी आहे. अनुवादकाने कोठे शब्द सौम्य केला, कोठे धारदार केला, ‘स्वातंत्र्य’ हा शब्द कोणाच्या संदर्भात वापरला, या प्रश्नांची उत्तरे अशा संहितांच्या तुलनेतूनच मिळू शकली असती.

याच वेणूताईंचा सहभाग बीबीसीच्या ‘किचन फ्रंट’ या ब्रिटिश श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमातही होता, आणि तो तुलनेसाठी उपयुक्त आहे. १९४० पासून रोज सकाळी बातम्यांनंतर होणाऱ्या या पाच मिनिटांच्या कार्यक्रमात मोजक्या शिध्यात स्वयंपाक कसा करावा हे सांगितले जाई. अन्न मंत्रालयाचा तो निःसंशय प्रचार होता. तरीही तो लोकप्रिय झाला. सांगणारी आणि ऐकणारी एकाच रेशनवर जगत होती, एकाच बाँबहल्ल्यात तळघरात उतरत होती. प्रचार परिणामकारक होण्यासाठी बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे भवितव्य समान असावे लागते. लंडनहून हिंदुस्थानशी बोलणाऱ्यापाशी भाषेचे, विद्वत्तेचे, सद्भावाचेही बळ होते. समान भवितव्याचे बळ नव्हते.

शिवाय श्रोत्याला दुसरे आवाजही ऐकू येत होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये, सिंगापूरच्या पाडावानंतर, बर्लिनहून सुभाषचंद्र बोस यांचा आवाज प्रथम ऐकू आला. आझाद हिंद रेडिओच्या भाषांत मराठीचाही समावेश होता. २७ ऑगस्टपासून मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिला आणि पकडला गेला. त्याची यंत्रसामग्री तुटपुंजी होती, वक्त्यांची नावे एलियट-फॉर्स्टरच्या तोडीची नव्हती. पण बोलणाऱ्याने आपल्या शब्दासाठी तुरुंगवासाची जोखीम पत्करली आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. उलट बीबीसीच्या वतीने १९४२ मध्ये हिंदुस्थानात पाहणी करून गेलेल्या लॉरेन्स ब्रँडर यांचा निष्कर्ष निराशाजनक होता. रेडिओसंच थोडे, प्रसारणाच्या वेळा गैरसोयीच्या, आणि श्रोते नगण्य. ऑर्वेलच्या संपादनाखाली १९४३ मध्ये निघालेल्या ‘टॉकिंग टु इंडिया’ या संग्रहात शत्रुपक्षाच्या प्रचाराचा नमुना म्हणून बोस यांचे एक भाषणही छापले गेले. संपादकाने प्रतिपक्षाचा आवाज वाचकापुढे ठेवण्याचे धाडस केले, हे त्या पुस्तकाचे वेगळेपण आहे.

सप्टेंबर १९४३ मध्ये ऑर्वेलने राजीनामा दिला. त्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्यावर खोटे बोलण्याची सक्ती झाली, अशी त्याची तक्रार नव्हती. उलट आपल्याला बरीच मोकळीक मिळाली असे त्याने नमूद केले. ज्याचा काहीही परिणाम होत नाही अशा कामात आपला वेळ आणि जनतेचा पैसा खर्च होत आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. हा कबुलीजबाब राजीनाम्याच्या नेहमीच्या आवेशापेक्षा अधिक मर्मभेदी आहे. उत्तम लेखक, बरीचशी मोकळीक, सुसंस्कृत आशय, बहुतांशी सत्य विधाने एवढे सर्व असूनही प्रचार निष्फळ ठरला. कारण त्याच्या मध्यभागी एक मौन होते आणि ते श्रोत्याला ऐकू येत होते.

यानंतरच्या दोन कादंबऱ्यांकडे या अनुभवाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. ‘ॲनिमल फार्म’ नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात लिहिली गेली. माहिती मंत्रालयातील एका अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून एका प्रकाशकाने ती नाकारली, कारण रशिया तेव्हा मित्रराष्ट्र होते. तिच्यातील स्क्वीलर हे डुक्कर साहित्यातील शासकीय जनसंपर्काचे बहुधा सर्वांत नेमके व्यक्तिचित्र आहे. दूध आणि सफरचंदे डुकरांनीच का खावीत याचे स्पष्टीकरण तो इतरांच्या हिताच्या भाषेत देतो. धमकी शेवटी येते आणि तीही प्रश्नाच्या रूपाने.

१९४९ ची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही एकपक्षीय हुकूमशाहीवरील टीका म्हणून वाचली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तेवढेच वाचन अपुरे आहे. सत्य मंत्रालयाची इमारत लंडनच्या सेनेट हाऊसवरून सुचली, जेथे युद्धकाळात माहिती मंत्रालय होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट नायकाच्या मनोरचनेत आहे. विन्स्टन स्मिथ हा त्या यंत्रणेचा बळी आहे, तसाच तिचा कुशल कर्मचारीही आहे. जुनी वृत्तपत्रे दुरुस्त करण्याचे काम तो करतो आणि त्या कामात त्याला आनंद मिळतो. अस्तित्वातच नसलेला एक शूर सैनिक तो काही ओळींत निर्माण करतो आणि त्या निर्मितीवर खूश होतो. येथे कादंबरी बाहेरच्या शत्रूकडून लेखकाच्या स्वतःच्या धंद्याकडे वळते. असत्य घडविण्याचा आनंद आणि कलाकृती घडविण्याचा आनंद यांत विन्स्टनच्या बोटांना फरक कळत नाही, हे या कादंबरीतील सर्वांत भयंकर निरीक्षण आहे. जो लेखक स्वतः दोन वर्षे संहिता लिहीत, तपासून घेत आणि दुसऱ्यांच्या आवाजात प्रसारित करीत होता, त्याच्या अनुभवाचे त्याला पाठबळ आहे. भाषेला छाटून विचार छाटण्याची ‘न्यूस्पीक’ची कल्पना आणि १९४६ मधील राजकारण व इंग्रजी भाषा यांवरील त्याचा निबंध हीदेखील याच चिंतनाची अंगे होत.

यावर एक आक्षेप संभवतो. नाझी राजवटीविरुद्धचे युद्ध न्याय्य होते. त्यासाठी केलेला प्रचार आणि गोबेल्सचा प्रचार एकाच तराजूत कसे तोलता येतील? आक्षेप रास्त आहे आणि तसे तोलणे चुकीचेच ठरेल. रोमहून बोलणारा एझ्रा पाउंड आणि लंडनहून बोलणारा ऑर्वेल यांत नैतिक अंतर आहेच. पण कार्याची न्याय्यता शब्दाची शुद्धता सिद्ध करीत नाही. न्याय्य बाजूच्या लेखकाला मौनाचा मोह अधिक होतो, कारण ते मौन त्याला तात्पुरते आणि सत्कारणी लागलेले वाटते. त्याची किंमत किती मोठी असू शकते हे १९४३ मध्ये बंगालने दाखविले. सुमारे तीस लाख माणसे मेली. तरी शासनाने दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ जाहीर केला नाही. ऑगस्टमध्ये ‘स्टेट्समन’ने छायाचित्रे छापली, तेव्हा ते मौन फुटले. चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या सचित्र पुस्तिकेच्या प्रती शासनाने जप्त करून नष्ट केल्या. बिजन भट्टाचार्य यांचे ‘नवान्न’ १९४४ मध्ये रंगभूमीवर आले. माहिती खात्याने जे वगळले ते चित्राने आणि नाटकाने सांगितले.

भारतीय लेखकांच्या बाबतीत हा प्रश्न पक्षाच्या किंवा देशभक्तीच्या एका फूटपट्टीने मोजता येत नाही. फैज अहमद फैज १९४२ मध्ये सैन्याच्या जनसंपर्क खात्यात गेले, अज्ञेय १९४३ मध्ये सैन्यात गेले, मंटो आणि कृष्णचंदर दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओवर काम करीत होते. कोणी फॅसिझमच्या भयाने, कोणी पोटासाठी, कोणी दोन्हींसाठी. कोणाच्या नोकरीवरून त्याच्या साहित्याचा निवाडा करणे सोपे असते, पण ते समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेने विचारावयाचे ते असे : या लेखकाने वाचकापासून काय राखून ठेवले, ते राखून ठेवल्याची जाणीव त्याच्या शब्दात उमटते काय, आणि राखून ठेवलेले त्याने पुढे कधी साहित्यात परत केले काय?

ऑर्वेलने ते परत केले, आणि उसनवारी व्याजासह फेडली. वेणू चितळे यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी १९५० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. तिच्यात लंडन नाही, युद्ध नाही, नभोवाणी नाही. पुण्यातील एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्या आणि त्यांच्यावरून वाहत गेलेली स्वातंत्र्यचळवळीची वर्षे हा तिचा विषय आहे. जो विषय त्या दुसऱ्या शिक्क्याने अडवून ठेवला होता, तोच हा विषय. दुसऱ्याचे मसुदे आपल्या आवाजात वाचणाऱ्या लेखिकेने स्वतःचा मसुदा लिहावयास घेतला तेव्हा तिने प्रथम तोच निवडला, ही गोष्ट या कादंबरीच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.